मागची जागा

बजरंगनं मागच्या सीटचा पट्टा ओढला, सीट पुढं कलंडून आडवी झाली आणि तिच्या खालून घुंगरू वाजलं.

एकदाच वाजलं, तेही दबकं. बाहेर लातूर रस्त्यावरून ट्रकांची रीघ चालली होती, शेजारच्या टपरीवर कुणीतरी मोबाइलवर कीर्तन मोठ्यानं लावून ठेवलं होतं, तरी व्यंकटला ते नेमकं ऐकू आलं. गाडीच्या मागच्या उघड्या दाराला त्यानं हात लावला होता. तो हात तिथंच राहिला. मे महिन्यातल्या दुपारी तापल्या पत्र्याला असा हात लावून कुणी उभं राहत नाही.

"बघा आप्पा, ही जागा बघा," बजरंग वीरभद्राला म्हणत होता. "सीट पाडली की आख्खा पलंग मावतो. सात माणसं बसवा, न्हाईतर सात पोती टाका. आज बाजारात अशा गाडीला मरण न्हाई."

नांदेडात शिरण्याआधी रस्त्यालगत जुन्या गाड्यांचा हा बाजार होता. पत्र्याचं शेड, त्याखाली नवरीसारख्या नटवून उभ्या केलेल्या गाड्या आणि त्यांच्यामधून किल्ल्यांचा जुडगा वाजवत फिरणारा मालक बजरंग. गाडी वीरभद्राला घ्यायची होती. अहमदपूरला त्याचं हार्डवेअरचं दुकान. व्यंकट त्याचा शाळेपासूनचा सोबती, गावालगत शेती करणारा आणि इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा म्हणून नाव कमावलेला. "तू संगं चल, मला गाडीतलं काय कळतंय," असं म्हणून सकाळीच वीरभद्रानं त्याला घरून उचललं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. वडिलांनी घेतलेली लांब शेपटाची जुनी इस्टेट गाडी वीरभद्र अजून वापरत होता आणि ती अडली की व्यंकटला हाक मारायची, एवढीच विद्या त्याला येत होती.

"आवाज कशाचा आला रं?" वीरभद्रानं विचारलं.

"कुठं काय," व्यंकट म्हणाला. "पट्ट्याची कडी असंल."

मग कडी बघण्याच्या निमित्तानं तो वाकला. सीटच्या लोखंडी पट्टीला तांब्याच्या तारेनं एक पितळी घुंगरू आवळलेलं होतं. एका बाजूला चेपलेलं. तारेचं टोक आत वळवून दाबलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. तार अशी वळवायची त्याची स्वतःची सवय होती आणि घुंगराला पोचा कसा पडला तेही त्याला ठाऊक होतं. त्याच्या लाल कंधारी बैलाच्या गळ्यातलं होतं ते. बैल गेला, माळ तुटली, एक घुंगरू उरलं. तीन वर्षांखाली लेकीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्यानं ते नव्या गाडीच्या सीटखाली बांधलं, तेव्हा पुनम शेजारी उभी राहून हसली होती.

"अण्णा, लोक गाडीला कॅमेरे लावतेत. तुम्ही घुंगरू लावून राहिलात."

"कॅमेरा काय कुणीबी लावतंय," तो म्हणाला होता.

ही पुनमची गाडी होती. नंबर प्लेटवर बजरंगनं आपल्या दुकानाची पाटी चिकटवली होती, पण आता नंबर बघायची गरज उरली नव्हती. पुनमच्या सासरच्यांनी, म्हणजे शिवमच्या घरच्यांनी, हुंडा नको असं चारचौघांत सांगितलं होतं आणि चारचौघं उठून गेल्यावर गाडीचं नाव काढलं होतं. व्यंकटनं रस्त्यालगतचा प्लॉट विकला आणि हसत गाडी दिली. लेक सुखात राहावी, दुसरं काय. अहमदपूरच्या चौकातून ती पांढरीशुभ्र गाडी हार घालून निघाली, तेव्हा त्याची छाती फुगली होती हेही खरं. पुढं वर्षभर कुणी विचारो न विचारो, जावई गाडी किती जपतो हे तो सांगत सुटायचा. आणि आता अक्षय्य तृतीयेला पुनम आली नाही. फोनवर म्हणाली, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय अण्णा, मग बघू.

गाडी इथं होती, मग लेक कुठं होती? तिच्या घरात काय चाललं होतं? कालच फोनवर ती चांगली बोलली होती, आंब्याचं लोणचं घातलं का म्हणून आईला विचारत होती. एरवी त्यानं बजरंगची गचांडी धरून विचारलं असतं. पण शेजारी वीरभद्र उभा होता. मित्र झाला, भावासारखा झाला, तरी त्याच्या दुकानात दिवसभर आख्खा गाव खिळे मोजून घ्यायला येतो. लेकीच्या संसाराची गोष्ट एकदा त्या काउंटरवर सांडली की ती परत कुणाला भरता येणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. व्यंकट सरळ उभा राहिला आणि त्यानं टोपीनं तोंड पुसलं.

"कशी वाटली?" वीरभद्र त्याच्याकडे बघत होता. "घ्यावी का? तू सांग."

"बघू दे की नीट," व्यंकट म्हणाला.

वीरभद्राचा हात शर्टाच्या आत गेला. गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीला बोटं लावून तो तसाच उभा राहिला. व्यवहाराच्या वेळी त्याचं हे असंच, घाबरला की हात डबीकडं. व्यंकटनं तिकडं लक्ष दिलं नाही.

बजरंगची टकळी चालू झाली होती. दोन वर्षांखाली डिझेलचं नाव काढलं की गिऱ्हाईक पळायचं, तो सांगत होता. बॅटरीच्या गाड्या येणार, ह्या भंगारात जाणार, असं जो तो बोलायचा. आता बघा. नव्या गाडीला हात लावायची सोय नाही, आणि घरात माणसं तर आहेत. लग्नाला जायचं, तुळजापूरला जायचं, सगळ्यांनी एकाच गाडीत जायचं. "आन् जून आला की लातूरच्या क्लासला पोरं सोडायची असतेत. नुसतं पोरगं न्हाई ना, गादी, कूलर, ताटवाटी, पाण्याची टाकी. तव्हा डिक्कीवाली गाडी पाहिजे म्हणजे पाहिजे. लहान गाड्यांचा भाव बसला, मोठ्यांचा उठला. माझ्या दारात अशी गाडी चार दिवस टिकत न्हाई."

व्यंकट काचेकडं बघत होता. वायपरच्या खाचेत कडुनिंबाची वाळलेली पानं साचली होती. चार दिवसांत एवढी साचत नाहीत. पण असल्या गोष्टीवर अडायला त्याचं मन जाग्यावर नव्हतं.

"एवढी भावाची गाडी हाय," तो शक्य तेवढं सहज म्हणाला, "मग मालकानं इकली कामून?"

"गरज, दुसरं काय."

"अॅक्सिडेंटची तर न्हाई?"

"छे हो. पत्रा बघा, कुठं हातोडी लागली का."

"मग दोन म्हैने थांबला असता तर वाढून आले असते. तूच म्हणतोस भाव उठलाय."

बजरंग हसला. "दादा, भाव थांबणाऱ्याला असतोय. ह्या माणसाला थांबायचं नव्हतं. सकाळी आला, दुपारी मोकळा झाला. मी म्हणलं ते घेतलं."

"कोण व्हता?"

"नाव घेत नसतो आम्ही इकणाऱ्याचं. धंद्याचा नेम हाय."

"नाव कोण विचारतंय. माणूस कसा व्हता? गाडी कशी वापरली असंल ते माणसावरून कळतं."

हे बजरंगला पटलं. तरणा माणूस होता, त्यानं सांगितलं. कपडे झकपक. सारखा फोनवर, हैदराबादला जायचं म्हणत होता. काहीतरी नवा धंदा. संगं बायको होती, ती काही बोलली नाही.

"भांडले?" व्यंकटनं विचारलं आणि जीभ चावली. गाडी बघायला आलेला माणूस असलं विचारत नसतो.

"न्हाई. तो टेबलाशी बसला व्हता, बाई गाडीत मागं बसली. मी म्हणलं सामान काढून घेत असंल. लई वेळ झाला म्हणून बघाया गेलो, तर सीटखाली हात घालून काय तरी वढून राहिली व्हती. म्हणलं, ताई, काय हरवलं का? न्हाई म्हणली. बोट कापलं व्हतं तिचं, रगत चाललं व्हतं. मीच चिंधी बांधून दिली." बजरंगनं सीटवरची नसलेली धूळ झटकली. "बापाच्या घरची असंल गाडी. बायांचा जीव असतोय."

व्यंकटच्याच तारेनं कापलं होतं ते बोट. दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून टोक आत वळवलं होतं त्यानं, आणि लागलं ते तिलाच. वीरभद्र थोडा पलीकडे उभा राहून चाकाकडं बघत होता, जणू चाकात फार काही बघण्यासारखं आहे. त्यानं ऐकलं असेल का? ऐकलं तरी त्याला काय कळणार, व्यंकटनं स्वतःला समजावलं. गाडी पांढरी, आणि मराठवाड्यात निम्म्या गाड्या पांढऱ्याच.

"आप्पा, बसा ना. चहा घ्या." बजरंगनं टपरीकडं हात उंचावला. "तीन पाठव रे. एक बिनसाखरेचा."

बिनसाखरेचा कप त्यानं वीरभद्रापुढं ठेवला. बाजारातली माणसं बेरकी असतात, व्यंकटच्या मनात येऊन गेलं. कपाळावरची विभूती बघून आप्पा म्हणतात, तोंड बघून साखरही ओळखत असतील. त्यानं चहा तोंडाला लावला आणि तोंड भाजून घेतलं.

"मग?" वीरभद्र म्हणाला. "घेऊ म्हणतोस? बोल बाबा काय ते. मी तुझ्यावर हवाला ठेवून आलोय."

आणि तेव्हा व्यंकटला खरी भीती वाटली. ही गाडी वीरभद्रानं घेतली तर? उद्यापासून ती अहमदपूरच्या चौकात, वीरभद्राच्या दुकानापुढं उभी राहणार. हार घालून गेलेली गाडी तीन वर्षांत दुसऱ्याच्या दारात. त्याची बायको तारामती देवळात जाताना बघणार. गाव बघणार. वीरभद्राची सून तिच्यातून बाजारहाट करणार आणि मागं कुणीतरी म्हणणार, ही तर व्यंकटरावच्या पुनमची.

"नको," तो म्हणाला.

"का रं?"

"इंजिनात आवाज हाय."

बजरंगच्या हातातला कप थांबला. "कशाचा आवाज? दादा, अजून चालू तरी केली का आपण?"

"मघाशी तू शेडातून बाहेर काढलीस, तव्हा ऐकला," व्यंकट म्हणाला. इतकं धडधडीत खोटं तो आयुष्यात गाडीबद्दल कधी बोलला नव्हता. माणसांबद्दल बोलला असेल, इंजिनाबद्दल नाही. "टायमिंगचा आवाज हाय. वर्षात खर्च काढंल."

वीरभद्र त्याच्याकडे बघत राहिला. मग एकाएकी उठला आणि बजरंगच्या खांद्यावर हात टाकून त्याला शेडाबाहेर घेऊन चालला. "बरं, तू माझी गाडी तर बघ. एक्सचेंजला काय देतोस सांग." जाता जाता तो इस्टेटच्या पुढच्या दाराशी थांबला, आत हात घालून पक्कड काढली आणि मागं येऊन व्यंकटच्या हातात दिली.

"कशाला?" व्यंकटनं विचारलं.

"सीटचा नट बघतो म्हणलास ना."

व्यंकटला तसं काही म्हटल्याचं आठवेना. पण पक्कड हातात होती आणि बजरंगची पाठ इकडं होती. तो गाडीत शिरला. गुडघे टेकून त्यानं सीटखाली हात घातला. तारेच्या एका वेढ्यावर काळपट डाग वाळलेला होता. त्याच्यावर त्यानं अंगठा ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि मग पकडीनं टोक उलगडलं. स्वतःच आवळलेली तार त्याला स्वतःलाच दाद देईना. घामानं हात सटकत होता. बाहेरून बजरंगचा आवाज येत होता आणि तो कुठल्याही क्षणी वळेल असं वाटत होतं. वळला असता तर काय सांगायचं, आपल्याच लेकीच्या गाडीतलं आपलंच घुंगरू चोरतोय म्हणून? शेवटी तार सुटली. घुंगरू मुठीत दाबून त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकलं.

तो बाहेर आला तेव्हा बजरंग इस्टेटभोवती फेऱ्या मारत होता. इस्टेटची मागची सीट वीरभद्रानं काढून घरीच ठेवली होती. मागची जागा मोकळी दिसली की भाव चांगला येतो, असं सकाळी त्यानं सांगितलं होतं. नुसती काढली नव्हती, जागा झाडून पुसून तिथं सतरंजी अंथरली होती आणि कोपऱ्यात सुतळीचा गुंडा ठेवला होता. वीरभद्राच्या बायकोनं, मंजुषावहिनींनी, डबा दिला होता, तो तर चार माणसांना पुरेल एवढा.

"आप्पा, खरं सांगतो," बजरंग म्हणाला, "मागच्या साली आणली असती तर मी हिला भंगारवाल्याचा नंबर दिला असता. आता वारं फिरलंय. पुण्याची पोरं जुन्या इस्टेटा हुडकत फिरून राहिलेत. अशी लांब डिक्की, असा पत्रा आता निघत न्हाई म्हणतेत." त्यानं एक आकडा सांगितला. व्यंकटनं चमकून वर बघितलं, एवढा तो होता.

"न्हाई," वीरभद्र म्हणाला. "ही न्हाई इकायची."

"मग एक्सचेंज कशाचं करता?"

"बघू पुन्यांदा," वीरभद्र म्हणाला, आणि त्याचा हात पुन्हा डबीकडं गेला.

ती का विकत नाही हे व्यंकटला कळलं, निदान त्याला तसं वाटलं. वीरभद्राचा धाकटा भाऊ श्रीशैल चाकूरजवळ अपघातात गेला, तेव्हा वीरभद्राला ह्याच इस्टेटमधून व्यंकटनं लातूरला नेलं होतं. चल, टायर बघून येऊ, एवढंच सांगून. सगळा रस्ता टायरच्याच गोष्टी बोलत. दवाखान्याच्या फाटकापर्यंत त्यानं खरं तोंडातून काढलं नाही. आपल्याकडं वाईट बातमी तोंडानं सांगत नाहीत, माणसाला गाडीत बसवतात आणि नेतात. त्या दिवसानंतर वीरभद्रानं ही गाडी कुणाला हात लावू दिली नव्हती.

ते निघाले. व्यंकटनं आरशातून मागं बघितलं. पांढरी गाडी शेडाच्या कडेला मागचं दार उघडं टाकून उभी होती.

आता अहमदपूरकडं वळायचं होतं. व्यंकटनं घसा साफ केला. "एवढं नांदेडला आलोच हाव, तर पोरीला भेटून गेलो असतो. तिच्या आईनं बी इचारलं असतं."

"जाऊ की," वीरभद्र लगेच म्हणाला, आणि गाडी शहराकडं घातली.

पुनमचं सासर गोदावरीच्या पलीकडं, तरोड्याला. व्यंकट मनात शब्द जुळवत होता. वीरभद्राला गाडीतच बसवायचं, आपण एकट्यानं वर जायचं. शिवम असेल तर? विहीणबाई दार उघडतील तर काय विचारायचं? तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की गाडी पुलाच्या दिशेनं चाललेलीच नाही. वीरभद्रानं अलीकडंच सिडकोच्या वस्तीत चाक वळवलं होतं.

"अरे, पूल तिकडं ऱ्हायला."

वीरभद्रानं गिअर बदलला.

"पुनमचं घर पलीकडं हाय. ठाऊक हाय ना तुला?"

"मला काही इचारू नको," वीरभद्र म्हणाला. त्याचा एक हात स्टेअरिंगवर होता आणि दुसरा शर्टाच्या आत. त्याच्या कपाळावर घाम आला होता, विभूतीचे पट्टे ओघळले होते. "तू बोल. तुला काय बोलायचं ते तू बोल."

व्यंकट त्याच्याकडं बघत राहिला. पक्कड आठवली. बिनसाखरेचा चहा आठवला, वायपरमधली पानं आठवली. तू सांग, बोल बाबा, असं सकाळपासून हा माणूस किती वेळा म्हणाला होता. आणि व्यंकटनं प्रत्येक वेळी मूठ आणखी आवळली होती, ज्याच्यापासून झाकायची त्याच्याच शेजारी राहून.

"ती गाडी पुनमची व्हती," तो म्हणाला.

वीरभद्रानं गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. त्यानं डबीवरचा हात काढला, तोंडावरून फिरवला. केवढं तरी ओझं खाली ठेवल्यासारखा त्यानं श्वास सोडला.

"आता तू बोललास," तो म्हणाला. "मी न्हाई बोललो."

मग त्यानं सांगितलं. सिडकोत मंजुषाची मावशी राहते, रत्नम्मा. तिच्या माडीवरची खोली बघायला एक पोरगी आली, अहमदपूरची म्हणाली, म्हणून मावशीनं मंजुषाला फोन केला. वीरभद्र येऊन बघतो तर पुनम. शिवम गाडी विकून हैदराबादला गेला होता. तो गेल्यावर सासू म्हणाली, बापाला सांग, दुसरी गाडी दे म्हणावं. पुनम म्हणाली, नाही सांगत. सासू म्हणाली, मग इथं काय काम तुझं? पुनम त्याच दिवशी पिशवी आणि आपली शिलाई मशीन घेऊन निघाली.

"मग घरी कामून आली न्हाई?" व्यंकटनं विचारलं.

"तू दुसरी दिली असतीस म्हणून."

दिली असती. रडत का होईना, पण दिली असती, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं.

"मी म्हणलं, मी सांगतो अण्णाला. तर तिनं माझा हात धरला आन् लिंगावर ठेवला. म्हणाली, आप्पा, माझ्याविषयी एक शब्द बोलणार न्हाई म्हणा. लहानपणी आमच्याच अंगणात वाढलेली पोरगी, तिला ठाऊक हाय मी कशाला भितो." वीरभद्रानं मान हलवली. "एक शब्द बोलणार न्हाई म्हणलं व्हतं. गाडी दाखवणार न्हाई असं कुठं म्हणलं व्हतं? गाडी कुठं इकली ते पोरीकडूनच कळलं, म्हणून बजरंगला सांगून ठेवलं, मी घ्यायला येतो, तवर इकू नको. मला वाटलं तू बघितलं की बोलशील. तर तू आपला टायमिंगचा आवाज काढून बसलास."

व्यंकटला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, म्हणून त्यानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

गल्ली अरुंद होती. रत्नम्माच्या घरापुढं खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. माडीवरून शिलाई मशीनचा आवाज येत होता. इस्टेटचं दार वाजलं तसा तो थांबला आणि पुनम जिन्यात आली. दोन पायऱ्या उतरली आणि तिथंच थबकली. बारीक झाली होती. तिनं आधी बापाकडं बघितलं नाही, वीरभद्राकडं बघितलं.

"मी काही बोललो न्हाई बाई," वीरभद्र जागेवरूनच म्हणाला.

"अण्णा, असे अचानक," ती म्हणाली. आवाजात हसू आणायला तिला थोडा वेळ लागला. "फोन तरी करायचा. मी इथं मावशीकडं सहज आलते, ब्लाउज शिवायला. मशीन चांगली हाय त्यांची... म्हणजे माझीच हाय, इथं आणून ठेवलीय. घरीच यायचं ना थेट. मी रिक्षानं आले, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय ना, ते लोक..."

व्यंकट सगळ्यात खालच्या पायरीवर टेकला आणि चपला काढायला वाकला. खिशात घुंगरू वाजलं.

पुनम बोलायची थांबली. व्यंकटनं वर बघितलं नाही. चपला निघाल्या होत्या, तरी तो वाकूनच राहिला. मग ती हळूहळू उरलेल्या पायऱ्या उतरली आणि त्याच्या शेजारी बसली. तिच्या उजव्या हाताच्या बोटावर आडवा व्रण होता, नवा, गुलाबी.

"निघंना ते," ती म्हणाली. "तार लई आवळली व्हती तुम्ही."

"हाव," व्यंकट म्हणाला.

त्याला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. प्लॉटचं, चौकातल्या हाराचं, दुसरी गाडी आता कुणालाच मिळणार नाही त्याचं. त्यानं नुसता हात उचलून गल्लीत उभ्या असलेल्या इस्टेटकडं दाखवला.

"मागं जागा हाय."

पुनम इस्टेटकडं बघत राहिली. उघड्या काचेतून आतली सतरंजी दिसत होती आणि सुतळीचा गुंडा. तिनं पदरानं नाक पुसलं.

"मशीन मावंल का?" तिनं विचारलं.

वीरभद्र कधीच गाडीच्या मागं जाऊन उभा होता. त्यानं दार वर उचललं.

"मग सीट घरी कशाला ठिवून आलो?" तो म्हणाला. "चला, आणा खाली. आवाज नका करू, रत्नम्मा जेवल्याबिगर सोडायची न्हाई."